‘द लायन स्लीप्स टुनाइट’ : रेकॉर्डच्या कारखान्यातल्या कामगाराचं गाणं आणि त्याच्या आवृत्त्या

फिरस्ता_फोर्ट

नमस्कार मंडळी,

शाळेच्या गॅदरिंगमध्ये, वांद्र्याच्या नाहीतर वसईच्या लग्नात, मुलांच्या कार्टूनमध्ये, ‘विमोवे, विमोवे’ असा ठेका आणि त्याच्यावर जंगलात झोपलेल्या सिंहाचं गाणं आपण सगळ्यांनी कधी ना कधी ऐकलेलं आहे. ‘द लायन स्लीप्स टुनाइट’. बऱ्याच जणांना ते डिस्नेच्या ‘द लायन किंग’मधलं वाटतं. जुने रसिक सांगतात, टोकन्स या अमेरिकी गायकचमूचं, १९६१ चं. पण त्याच्याही मागे गेलं की आपण १९३९ सालच्या जोहान्सबर्गला पोहोचतो. तिथे जे कळतं, ते इथे मांडावंसं वाटलं म्हणून हा धागा.

सॉलोमन लिंडा. जन्म १९०९, दक्षिण आफ्रिकेच्या नाताळ प्रांतातला म्सिंगा भाग, झुलू कुटुंब. लहानपण गुरं राखण्यात गेलं. गुरांवर येणाऱ्या सिंहाला हुसकावण्याच्या आठवणी या गाण्याच्या मुळाशी आहेत असं सांगतात. तरुणपणी कामाच्या शोधात जोहान्सबर्गला आला. तिथे ‘ओरिजिनल इव्हनिंग बर्ड्‌स’ नावाचा गाणाऱ्या पुरुषांचा चमू उभा केला. पट्ट्यापट्ट्यांचे सूट, डोक्यावर हॅट, एकसारखी पावलं टाकत हे लोक लग्नांत आणि मेळाव्यांत गायचे. पोटासाठी लिंडा गॅलो या रेकॉर्ड कंपनीच्या कारखान्यात तबकड्या खोक्यांत भरायचं काम करायचा.

त्याच गॅलोच्या स्टुडिओत १९३९ मध्ये ‘एमबुबे’ ध्वनिमुद्रित झालं. एमबुबे म्हणजे सिंह. खाली भरदार खर्ज एकच ओळ घोळवत राहतो आणि वर लिंडाचा उंच, कृत्रिम पट्टीतला आवाज मोकळा फिरतो. पहिले दोन टेक जमले नाहीत, तिसरा झाला. आणि त्या तिसऱ्या टेकच्या शेवटाकडे लिंडाच्या गळ्यातून ऐन वेळी एक सुरावट आली. आज जगभर ‘इन द जंगल’ या शब्दांवर जी चाल गातात, ती हीच.

दशकभरात या रेकॉर्डच्या सुमारे एक लाख प्रती आफ्रिकेत खपल्या. हे गाणं इतकं गाजलं की त्या धर्तीच्या सगळ्या समूहगायनालाच ‘एमबुबे’ म्हणू लागले. लिंडानं त्याचे हक्क गॅलोला दिले, १० शिलिंगांत.

पुढचा प्रवास थोडक्यात. गॅलोच्या काही आफ्रिकी रेकॉर्ड्‌स न्यूयॉर्कला डेक्का कंपनीत पोहोचल्या. लोकसंगीताचा अभ्यासक अॅलन लोमॅक्सनं त्या अमेरिकी लोकगायक पीट सीगरच्या हाती दिल्या. सीगरला मूळ झुलू शब्द ‘विमोवे’ असे ऐकू आले, आणि त्याच्या ‘द वीव्हर्स’ या चमूनं गॉर्डन जेन्किन्सच्या वाद्यवृंदाबरोबर ‘विमोवे’ गायलं. १९५२ च्या सुरुवातीला ते अमेरिकेत गाजलं. तबकडीवर रचनाकार म्हणून नाव होतं ‘पॉल कॅम्पबेल’. असा कुणी माणूस नव्हता. वीव्हर्स आणि त्यांचे प्रकाशक पारंपरिक गाण्यांवर हक्क नोंदवण्यासाठी हे टोपणनाव वापरत. म्हणजे ज्याचा कर्ता जिवंत होता, जोहान्सबर्गला रोज कामावर जात होता, ते गाणं पारंपरिक ठरलं.

१९६१ मध्ये ब्रुकलिनच्या टोकन्सनी ते पुन्हा गायलं. जॉर्ज डेव्हिड वाइसनं इंग्रजी शब्द लिहिले, ह्यूगो आणि लुइजी हे निर्माते. डिसेंबर १९६१ मध्ये गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. ८ ऑक्टोबर १९६२ ला सॉलोमन लिंडा मूत्रपिंडाच्या आजारानं वारला. त्याच्या थडग्यावर दगड बसवायला बायकोजवळ पैसे नव्हते. तो बसायला पुढे १८ वर्षं गेली.

तुम्ही या गाण्याच्या कोणकोणत्या आवृत्त्या ऐकल्यात? आणि तुम्हाला यात कुणाची चूक दिसते? मला मोकळी चर्चा हवी आहे.

मेधा_पार्ले

तुमचा धागा वाचून आत्ताच १९३९ ची आवृत्ती लावली. अंगावर काटा आला. मागे थोडी वाद्यं वाजतायत, पण लक्ष जातं ते त्या खर्जाकडे. जमीन हलतेय असं वाटतं. टोकन्सची आवृत्ती माझी लहानपणापासूनची आवडती, पण तिच्यात हा खर्ज पार मागे गेलाय.

तबलजी

चांगला धागा. पण दुसरी बाजूही कुणीतरी मांडायला हवी.

टोकन्सची आवृत्ती ही नुसती उचल नाही. मूळ गाण्यात गोष्ट नाही, झुलूत दोन-तीन ओळी आहेत. वाइसनं तिला गोष्ट दिली: गाव, रात्र, झोपलेला सिंह, घाबरू नकोस म्हणणारा कुणी. अंगाईच म्हणा. टोकन्सचा गायक जे सिगल याचा उंच आवाज आणि त्याच्याही वर ऑपेरा गायिका अनिता डॅरियनचा सोप्रानो, ही मांडणी त्या काळच्या पॉपमध्ये कुणी केलेली नव्हती. स्वतः टोकन्सना ते गाणं बाहेर काढायची लाज वाटत होती, ‘टीना’ नावाच्या दुसऱ्या गाण्याच्या मागच्या बाजूला ते टाकलं होतं. रेडिओवाल्यांनी तबकडी उलटली म्हणून आपल्यापर्यंत आलं.

संगीतात एकाची चाल दुसऱ्यानं घेणं नवीन नाही. आपल्या नाट्यसंगीतात कर्नाटकातून, गुजरातीतून, ठुमरी-कव्वालीतून किती चाली आल्या! त्याला आपण चोरी म्हणत नाही. व्हर्शन झाली नसती तर मेधाताईंनी आज १९३९ ची रेकॉर्ड लावली असती का?

फिरस्ता_फोर्ट

तबलजी, टोकन्सची मांडणी सुरेख आहे, त्याबद्दल माझं दुमत नाही. जे सिगलनं ते गाणं वीव्हर्सच्या कार्नेगी हॉलमधल्या मैफिलीच्या रेकॉर्डवरून उचललं आणि जीव ओतून गायलं.

माझं म्हणणं नावापुरतं आहे. शब्द वाइसचे, तर वाइसचं नाव हवंच. मांडणी ज्यांनी केली त्यांचंही हवं. पण ज्या चालीवर ते शब्द बसवले ती चाल लिंडाची, आणि १९६१ च्या तबकडीवर त्याचं नाव नाही. तुम्ही नाट्यसंगीताचा दाखला दिलात. जुन्या नाटकांच्या पुस्तकात पदाच्या डोक्यावर ‘चाल : अमुक’ असं छापलेलं असायचं. चाल ज्याच्याकडून घेतली त्याचं नाव तिथे सांगितलेलं असे.

आणखी एक गोष्ट पाहा. ह्यूगो, लुइजी आणि वाइस याच तिघांचं १९६१ सालचंच दुसरं गाणं म्हणजे एल्व्हिसचं ‘कान्ट हेल्प फॉलिंग इन लव्ह’. त्याची चाल अठराव्या शतकातल्या ‘प्लेझीर दामूर’ या मार्तिनीच्या फ्रेंच गाण्यावरून घेतलेली. मार्तिनीला जाऊन दीडशे वर्षं होत आली होती, तिथे कुणाच्या पोटावर पाय आला नाही. लिंडा हयात होता. दोन गाणी, तेच तिघं, तीच पद्धत, फरक इतकाच.

अनुजा_ठाणे

पीट सीगरवर मात्र एवढा राग नको. त्याला एकदा मूळ कर्ता कळल्यावर त्यानं लिंडाला १००० डॉलर पाठवले आणि रचनाकाराचा वाटा त्याला द्या असं प्रकाशकाला सांगितलं. नंतर पैसे जातायत की नाही याचा पाठपुरावा केला नाही, याची त्यानं पुढे उघड खंतही व्यक्त केली.

त्या वेळची परिस्थिती बघा. फेब्रुवारी १९५२ मध्ये, म्हणजे ‘विमोवे’ गाजत असतानाच, अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे हार्वी मॅटुसो नावाच्या खबऱ्यानं वीव्हर्सना कम्युनिस्ट म्हणून नाव घेतलं. (पुढे त्यानं आपल्या साक्षी खोट्या असल्याचं मान्य केलं.) कार्यक्रम रद्द, रेडिओ बंद, डेक्कानं करार संपवला. ज्यांचं स्वतःचं गाणंच बंद झालं होतं त्यांच्याकडून किती अपेक्षा करायची?

फिरस्ता_फोर्ट

अनुजाताई, सीगर भला माणूस होता आणि त्याच्यामुळेच गाणं जगभर गेलं. पण माझ्या मते त्याची भलाई इथे कमी पडली. एकदा १००० डॉलर पाठवणं ही मदत झाली. लिंडाला मदत नको होती, दर तबकडीमागचा वाटा हवा होता. आणि खरा व्यवहार सीगरच्या हातात नव्हताच. तो दोन कंपन्यांमध्ये झाला. गॅलोनं अमेरिकेतले हक्क सोडले आणि बदल्यात आफ्रिकेतल्या काही देशांत ‘विमोवे’चे हक्क घेतले. दोघांनाही लाभ झाला, आणि ज्याच्या गाण्याची देवाणघेवाण झाली त्याला विचारायची कुणाला गरज वाटली नाही.

दर्यावर्दी

इतर आवृत्त्यांची भर घालतो. आठवतील तशा.

मिरियम मकेबा, १९६०, ‘एमबुबे’ याच नावानं. पहिल्या पाचात माझी ही आहेच. ती मूळ गाण्याशी सगळ्यात प्रामाणिक वाटते, आणि बाईच्या आवाजात ते वेगळंच खुलतं. पेरूची यमा सुमाक, १९५२. तिच्या गळ्याचा पल्ला असा की खर्जही तिचा आणि शिट्टीसारखा वरचा सूरही तिचाच. कार्ल डेन्व्हर, १९६२, इंग्लंड. त्याच वर्षी फ्रान्समध्ये आँरी साल्व्हादोर. फ्रेंच शब्दांत सिंह झोपत नाही, मेलेलाच असतो, आणि तीच आवृत्ती पॉव वॉव या चमूनं १९९२ मध्ये पुन्हा गाजवली. १९७२ मध्ये रॉबर्ट जॉन, अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकापर्यंत. १९७५ मध्ये ब्रायन ईनो. हो, अॅम्बियंट संगीतवाला तोच ईनो! १९८२ मध्ये टाइट फिट, इंग्लंडमध्ये पहिला क्रमांक.

मला वैयक्तिक टाइट फिटची आवृत्ती आवडत नाही. यंत्राच्या ठेक्यात गाण्याचा श्वासच जातो.

आरईएम या अमेरिकी रॉक चमूचं ‘द साइडवाइंडर स्लीप्स टुनाइट’ १९९२ चं. सुरुवातीची ती वरच्या आवाजातली आरोळी याच गाण्यातून घेतली, पण रीतसर परवानगी काढून. आणि त्याच एकेरी तबकडीच्या मागे हे गाणंही गायलं. असं करता येतं, करणारे करतात.

स्वरगंगा

लेडीस्मिथ ब्लॅक माम्बाझो या दक्षिण आफ्रिकी गायकचमूची कुणी नोंद कशी घेतली नाही? पॉल सायमनच्या ‘ग्रेसलँड’ या अल्बममुळे (१९८६) आपल्याकडे ज्यांना त्यांची ओळख झाली, त्यांनी एक लक्षात घ्यावं की ते ज्या परंपरेत गातात तिचा पाया इव्हनिंग बर्ड्‌सनीच घातला. एक मुख्य गायक, दोन मधले आवाज, आणि खर्ज मात्र अनेकांचा. लिंडानं खर्जाची माणसं वाढवली, ते पुढे सगळ्यांनी उचललं. सिनेदिग्दर्शक स्पाइक लीच्या १९९० च्या कार्यक्रमात त्यांनी मिंट जुलेप्स या इंग्लंडच्या गायिकांबरोबर ‘एमबुबे’ गायलं आहे. कुठलंही वाद्य नाही. जरूर शोधा.

लालबागचा_मंदार

मी गाण्यातला माणूस नाही, पण हे वाचताना मला आमचं गिरणगाव दिसलं, म्हणून लिहितो.

जोहान्सबर्गला झुलू पुरुष गावी बायकापोरं ठेवून यायचे आणि कामगारांच्या हॉस्टेलांत राहायचे. इथे कोकणातून, घाटावरून आलेले गिरणी कामगार एका गाळ्यात वीस-वीस जण पाळीपाळीनं झोपायचे, खानावळीत जेवायचे. तिथे शनिवारी रात्री हॉस्टेलांमध्ये समूहगायनाच्या चढाओढी व्हायच्या, पहाटेपर्यंत. इथे डबलबारी भजनं, शक्ती-तुऱ्याचे सामने. त्यांच्याकडे म्हणे परीक्षक म्हणून रस्त्यावरून जाणारा एखादा अनोळखी गोरा माणूस बोलावून आणायचे, म्हणजे तो कुठल्याच चमूचा पक्ष घेणार नाही. आमच्याकडे बुवांच्या सामन्याला निकाल श्रोत्यांच्या चेहऱ्यावरच लागायचा.

माझे आजोबा गिरणीत साचे चालवायचे आणि भजनात पखवाज वाजवायचे. त्यांच्या मंडळात चाली लावणारा एक माणूस होता. त्याच्या चाली आज कोकणात कितीतरी मंडळं गातात. कोणालाही विचारा, ‘पारंपरिक आहे’ म्हणतात. तो परळच्या चाळीत राहायचा, त्याला मी पाहिलेलं आहे. पारंपरिक म्हणायला तो काही शंभर वर्षांपूर्वीचा नव्हता. फिरस्ता, तुमचं ते ‘पॉल कॅम्पबेल’ वाचून मला त्याचीच आठवण झाली.

तबलजी

मंदार, ही तुमची पोस्ट मनाला लागली. माझ्या संग्रहातल्या कोळीगीतांच्या आणि भजनांच्या कॅसेट काढून बघतो. ‘गीत : पारंपरिक, संगीत : पारंपरिक’ असं कितीतरी कॅसेटवर छापलेलं आहे, आणि त्यातली काही गाणी ऐकताना कुणातरी एका हुशार माणसाचा हात स्पष्ट जाणवतो.

शब्दसखा

आपल्याकडे याच्यावर फार जुना उपाय आहे: नाममुद्रा. ‘तुका म्हणे’, ‘एका जनार्दनी’. शाहिरांनी लावणीतही कवीचं नाव शेवटच्या कडव्यात गुंफलं. त्यामुळे गाणारा कोणीही असो, चाल कोणतीही असो, गाणं म्हटलं की कर्त्याचं नाव उच्चारलं जातंच.

वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांची भीमगीतं घ्या. चेंबूर, वरळी, घाटकोपर, कुठल्याही वस्तीत १४ एप्रिलला ती ऐकू येतात. गायक शंभर, वाद्यमेळ शंभर तऱ्हांचे, काही डीजेवर. पण शेवटच्या कडव्यात ‘वामन’ येतो आणि समोरच्या पोराला कळतं की हे वामनदादांचं. ज्याच्या हाती रेकॉर्ड कंपनी नाही, वकील नाही, त्यानं आपलं नाव गाण्याच्या आतच ठेवून दिलं. लिंडाकडे ही सोय नव्हती. आणि आता एक विनंती, कार्यक्रमात वेळ वाचवायला शेवटचं कडवं गाळणाऱ्या निवेदकांना: कृपया असं करू नका.

काळा_कोट

सगळ्यांचं वाचतो आहे. आता कायद्याच्या बाजूनं, कारण या गोष्टीचा शेवट कोर्टात झाला आणि तो भाग अजून कोणी लिहिलेला नाही. थोडं लांबेल.

२००० साली रायन मालन या दक्षिण आफ्रिकी पत्रकारानं ‘रोलिंग स्टोन’मध्ये मोठा लेख लिहिला. या गाण्यानं एकूण १५ दशलक्ष डॉलरच्या घरात रॉयल्टी मिळवली असावी असा त्याचा अंदाज होता. लिंडाच्या मुली त्या वेळी जोहान्सबर्गच्या सोवेटो वस्तीत हलाखीत राहत होत्या. त्यातली अॅडलेड २००१ मध्ये वारली.

मग ओवेन डीन या वकिलानं एक जुना कायदा पुढे केला: १९११ चा ब्रिटिश साम्राज्याचा कॉपीराइट कायदा. त्यात अशी तरतूद आहे की लेखकानं वा संगीतकारानं हयातीत आपले हक्क कुणालाही विकले, तरी त्याच्या मृत्यूनंतर २५ वर्षांनी ते वारसांकडे परत येतात. आधीच्या करारात काहीही लिहिलेलं असो. याला ‘डिकन्स तरतूद’ म्हणतात. लिंडा १९६२ मध्ये गेला, म्हणजे १९८७ पासून तो कायदा लागू असलेल्या देशांत हे गाणं पुन्हा त्याच्या वारसांचं झालं होतं, आणि वारसांना त्याचा पत्ताच नव्हता. १० शिलिंगांचा कागद तिथे संपला.

२००४ मध्ये डिस्नेवर दावा लावला, कारण ‘द लायन किंग’मध्ये (१९९४) ते गाणं वापरलं होतं. परदेशी कंपनी दक्षिण आफ्रिकेच्या कोर्टाच्या कक्षेत यावी म्हणून तिथली डिस्नेची व्यापारचिन्हं जप्त करायचा आदेश घेतला. मिकी माऊससुद्धा! फेब्रुवारी २००६ मध्ये तडजोड झाली. हक्क सांभाळणाऱ्या अबिलीन म्युझिकनं १९८७ पासूनची मागची देणी आणि पुढची रॉयल्टी द्यायचं मान्य केलं, आणि सॉलोमन लिंडा हा सहरचनाकार म्हणून नोंदला गेला. रक्कम जाहीर केली नाही.

आपल्यासाठी यातला धागा हा की १९११ चा तोच कायदा भारतात १९१४ च्या कॉपीराइट कायद्यानं, थोडे बदल करून, लागू होता. १९५७ चा आपला कायदा जानेवारी १९५८ मध्ये अमलात येईपर्यंत. मुंबईतल्या त्या काळातल्या कितीतरी संगीतकारांच्या आणि शाहिरांच्या घरी जुने करार पडून असतील. वारसांनी ते एकदा जाणत्या वकिलाला दाखवावेत. प्रत्येक प्रकरण वेगळं, पण कागद रद्दीत घालू नका.

मेधा_पार्ले

काळा कोट, मग १९८० नंतर आपल्याकडे कॅसेटवर जी ‘यादें’छाप व्हर्शन गाणी आली ती कशी काढता आली?

काळा_कोट

१९५७ च्या कायद्यातलं कलम ५२(१)(जे). मूळ रेकॉर्ड निघाल्यावर दोन वर्षांनी, नोटीस देऊन आणि ठरलेली रॉयल्टी भरून, कुणालाही त्याच गाण्याचं नवं ध्वनिमुद्रण करता यायचं. टी-सीरीजनं याचा पुरेपूर वापर केला. जुन्या गायकांची गाणी नव्या आवाजात, स्वस्त कॅसेटवर. सोनू निगमची सुरुवात ‘रफी की यादें’नंच झाली. मूळ रेकॉर्ड कंपन्या चिडल्या, खटले झाले. पण खेड्यापाड्यात, टपऱ्यांवर ती गाणी त्यामुळे पोहोचली हेही खरं.

२०१२ च्या दुरुस्तीनं ते कलम गेलं आणि ३१सी आलं. आता पाच वर्षं थांबावं लागतं, वर्षाला किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी आधी भरावी लागते, गाण्यात अनावश्यक फेरफार करता येत नाही. वेष्टनावर ही कव्हर आवृत्ती आहे असं लिहावं लागतं आणि मूळ गायकाचं नाव किंवा चित्र टाकता येत नाही. त्याच दुरुस्तीतला मला सर्वात मोठा वाटणारा भाग: गीतकार आणि संगीतकार रॉयल्टीतला आपला वाटा कंपनीला लिहून देऊच शकत नाहीत. सही केली तरी तो वाटा त्यांचाच राहतो. यासाठी जावेद अख्तर यांनी राज्यसभेत आणि बाहेर केलेलं काम विसरता येणार नाही.

तबलजी

म्हणजे आजच्या भारतीय कायद्याखाली लिंडानं १० शिलिंगांच्या कागदावर सही केली असती, तरी वाटा राहिला असता.

काळा_कोट

हो. वसूल करायला संस्थेचं सदस्यत्व आणि पाठपुरावा लागतोच. आपल्याकडे १९६९ पासून आयपीआरएस ही गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था आहे, मुंबईतच. लोककलावंतांनी तिथे नाव नोंदवावं म्हणून मी दिसेल त्याला सांगत असतो. मंदार, तुमच्या आजोबांच्या मंडळातल्या त्या चाली लावणाऱ्यांचे कोणी नातलग असतील तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. फी घेणार नाही.

लालबागचा_मंदार

त्यांची मुलगी दिव्याला राहते. उद्याच फोन करतो. त्यांच्या हाताच्या वह्या तिच्याकडे आहेत असं ऐकलं होतं.

नेहा_आई

माझी मुलगी सात वर्षांची. २०१९ च्या नव्या ‘लायन किंग’मधलं टिमॉन-पुंबाचं हे गाणं दिवसभर गाते. काल तिला १९३९ ची आवृत्ती ऐकवली आणि हे गाणं एका सॉलोमनकाकांनी केलं असं सांगितलं. तिनं लगेच विचारलं, ‘मग सिनेमात त्यांचं नाव कुठे येतं?’ शेवटी चालणारी नावांची लांब यादी आम्ही दोघींनी बसून थांबवत थांबवत वाचली. मुलांना हे समजतं. शाळांमध्ये समूहगान शिकवताना कर्त्याचं नाव सांगायची सवय लावली तर फार बरं होईल.

वसईकर

मी आमच्या चर्चच्या कॉयरमध्ये खर्ज गातो. यंदा सोसायटीच्या गणपतीत आम्ही सगळे मिळून हे गाणं बसवतोय, हिंदू, ख्रिस्ती, सगळे. आतापर्यंत टोकन्सच्या नोटेशनवरून तालीम करत होतो. हा धागा वाचल्यावर ठरलं की सुरुवात झुलूतल्या ‘एमबुबे’नं करायची आणि मग इंग्रजीत जायचं. दोन प्रश्न. परवानगी लागते का? आणि कार्यक्रमपत्रिकेत नाव काय छापायचं?

काळा_कोट

हौशी मंडळ आणि तिकीट नसलेला कार्यक्रम असेल तर कलम ५२ मध्ये सूट आहे. तिकीट लावलंत किंवा प्रायोजकांचा मोठा कार्यक्रम असेल, तर आधी परवाना घ्या. चित्रीकरण करून इंटरनेटवर टाकणार असाल तर तो वेगळा विषय आहे, मला व्यनि करा.

फिरस्ता_फोर्ट

वसईकर, आनंद झाला. माझ्या मते पत्रिकेत असं छापा:

‘एमबुबे / द लायन स्लीप्स टुनाइट. मूळ रचना : सॉलोमन लिंडा (जोहान्सबर्ग, १९३९). इंग्रजी शब्द : जॉर्ज डेव्हिड वाइस (१९६१).’

ह्यूगो पेरेट्टी आणि लुइजी क्रिएटोर यांची नावंही अधिकृत श्रेयात आहेत, जागा असेल तर तीही द्या. इव्हनिंग बर्ड्‌सचा उल्लेख निवेदनात करा. आणि निवेदकाला सांगा, ‘आफ्रिकेतलं एक लोकगीत’ असं चुकूनही म्हणू नका.

स्वरगंगा

तालमीसाठी एक सूचना. झुलू भागात पेटी किंवा कीबोर्ड बंद ठेवा. सगळं गाणं सा, म, प या तीन स्वरांवरच्या कॉर्डमध्ये फिरतं: सा, म, सा, प, पुन्हा सा. खर्जाची किमान चार माणसं एका सुरात हवीत, एकानं भागत नाही. वरचा आवाज ज्याला देणार त्याला १९३९ ची रेकॉर्ड पाठ होईपर्यंत ऐकू द्या, पण हुबेहूब नक्कल करायला लावू नका. लिंडानंही तो भाग ऐन वेळी सुचेल तसाच गायला होता.

वसईकर

खर्जाला तिघं आहोत. चौथा मंदार येतोय का? लालबागहून वसई लांब आहे, पण तालीम रविवारी दुपारी असते, गाड्यांना गर्दी नसते.

लालबागचा_मंदार

मी पखवाजाच्या घरातला आहे, गळ्याचा भरवसा देत नाही. पण येतो. वेळ कळवा.